सांध्यावर सांधा नको

आपल्या खानदेशात घर बांधणे हे लग्नाइतकेच मोठे कार्य समजतात. आपण जागा पाहतो, मुहूर्त पाहतो, सिमेंटचा भाव चार दुकानांत विचारतो, भट्टीवर जाऊन विटा एकमेकींवर वाजवून घेतो. मात्र एकदा गवंडी कामाला लागला, की वीट विटेवर कशी बसते आहे हे पाहायला घरधनी फारसा थांबत नाही. केळीला पाणी द्यायचे असते, मजूर आलेले असतात, घड कापणीला आलेले असतात. तेवढ्यात भिंत वर चढते, तिला प्लास्टर होते, रंग लागतो आणि आतले सगळे झाकून जाते. पुढे ते दिसते ते भिंत फुटली किंवा पडली तरच. त्या झाकल्या गोष्टीविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत. त्या मला नीट उमगल्या त्या नातवाच्या खेळातल्या प्लास्टिकच्या विटांमुळे. वाचकहो, हसू नका, आधी वाचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याचे आमचे चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू असे सगळे गावी आले. नातवाने सोबत एक मोठा डबा आणला होता. त्यात लाल, पिवळ्या, निळ्या अशा शेकडो विटा. आमच्या घरच्यांनी डबा पाहून प्रथम नाकच मुरडले. "अहो, एवढ्या पैशांत पोराला दोन जोड कपडे झाले असते. आणि शेवटी प्लास्टिकच ना ते!" मी म्हटले, "अगं, आपल्या घरात काय प्लास्टिक कमी आहे? विहिरीपासून बागेपर्यंत पीव्हीसीचा पाइप, केळीच्या बुडाशी ठिबकची नळी, आणि तू बसली आहेस ती जळगावची चटईसुद्धा प्लास्टिकचीच." त्यावर ती हसली आणि डबा ओसरीवर उघडला गेला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्यातली नेहमीची वीट सव्वा इंच लांब आणि त्याच्या निम्मी रुंद असते. तिच्या पाठीवर दोन ओळींत आठ गोल बटणे असतात. पोटातून ती पोकळ असते, आणि त्या पोकळीत मधोमध तीन बारीक नळकांडी असतात. एक वीट दुसरीवर दाबली, की खालच्या विटेची बटणे वरच्या विटेच्या कडा आणि ही नळकांडी यांच्यामध्ये घट्ट आवळली जातात. 'टिच्' असा आवाज येतो आणि जोड बसतो. ना माती, ना चुना, ना सिमेंट. पाहिजे तेव्हा पोराच्या बोटांनी सुटतेही.

पहिल्याच दिवशी नातवाने किल्ल्याची भिंत रचली. एकावर एक विटांचे उभे ढीग केले आणि ते शेजारी शेजारी चिकटून उभे केले. दिसायला झकास. संध्याकाळी नाना चहाला आले. नाना म्हणजे आमच्या गावचे जुने गवंडी. वय सत्तरीच्या पुढे. आता ते थापी हातात धरत नाहीत, पण कुठे बांधकाम निघाले की लोक त्यांना पायापाशी नेऊन उभे करतात. आमच्या गोठ्याची पडलेली भिंत पुन्हा कशी उभारावी हे विचारण्यासाठी मीच त्यांना बोलावले होते. त्या भिंतीची हकिकत पुढे येईलच.

नानांनी बशीतला चहा संपवला, किल्ल्याकडे थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "काय भाऊ, या भिंतीला दारे किती ठेवली?"

"एकपण नाही, नाना आजोबा. ही किल्ल्याची भिंत आहे."

"मला तर चार दारे दिसून राहिली," असे म्हणून नानांनी दोन ढिगांच्या मधल्या उभ्या फटीपाशी बोट टेकवले व हलकेच ढकलले. भिंत दाराच्या फळीसारखी उघडली आणि आडवी झाली. पोराचा चेहरा उतरला. तेव्हा नाना त्याच्या शेजारी चटईवर बसले आणि म्हणाले, "सांध्यावर सांधा आला, की तिथे दार झालेच समज. वारा, पाणी, उंदीर, सगळे तिथूनच शिरतील. आता मी सांगतो तशी रच."

मग त्यांनी त्याला सांधमोड शिकवली. खालच्या थरात दोन विटा जेथे एकमेकींना भेटतात, त्या भेटीच्या जागेवर वरच्या थरातली वीट मध्यावर बसवायची. तिची चार बटणांची जागा एका विटेवर, चार बटणांची दुसरीवर. म्हणजे वरची वीट खालच्या दोघींना धरून ठेवते, आणि तिला धरायला तिच्या वरच्या दोघी येतात. तेवढ्याच विटांची, तेवढ्याच उंचीची भिंत नव्याने उभी राहिली. नानांनी पुन्हा बोट लावले. भिंत चटईवर सरकली, पण फुटली नाही. विटा त्याच, पोरगाही तोच. फरक पडला तो रचण्यात.

मला या खेळाचे कुतूहल वाटले म्हणून चिरंजीवांना विचारून आणि वाचून माहिती मिळवली. ती आपल्यासारख्या शेतकऱ्यांना जवळची वाटेल अशीच आहे. युरोपात डेन्मार्क नावाचा छोटा, शेती आणि दूधदुभत्याचा देश आहे. तेथे बिलुंड या खेड्यात ओले कर्क ख्रिस्तियान्सेन नावाचा सुतार राहत असे. १९१६ साली त्याने तेथला सुतारकामाचा कारखाना विकत घेतला, आणि आसपासच्या शेतकऱ्यांची घरे व गोठे बांधून तो पोट भरी. पुढे जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्यांच्या हाती पैसा राहिला नाही, मग सुताराला काम कोण देणार? तेव्हा १९३२ साली त्याने शिड्या, इस्त्रीचे पाट अशा बारीकसारीक वस्तू आणि लाकडी खेळणी करायला घेतली. १९३४ साली त्याने मालाला 'लेगो' हे नाव दिले. त्यांच्या भाषेत 'छान खेळ' अशा अर्थाचे दोन शब्द आहेत, त्यांची ती जोडणी. शेतकरी बुडाला की सुतारही बुडतो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. त्या सुताराने त्यातून वाट काढली ती खेळण्यांची.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने प्लास्टिक ओतण्याचे यंत्र घेतले आणि १९४९ साली जोडविटा बाजारात आणल्या. ही कल्पना मुळात त्याची नव्हती. हिलरी फिशर पेज नावाच्या इंग्रज माणसाने 'किडीक्राफ्ट' या नावाने तशा विटा आधीच काढल्या होत्या, आणि त्या पाहूनच डेन्मार्कमधल्या विटा झाल्या. पण या पहिल्या विटा आतून नुसत्या पोकळ होत्या. कडांनी काय धरतील तेवढेच. उंच काही रचले की सुटायचे. मुलाने, म्हणजे गॉडफ्रेड याने, पुढे तो दोष काढला. विटेच्या पोटात नळकांडी बसवली की पकड पक्की होते, हे ध्यानी आल्यावर २८ जानेवारी १९५८ रोजी त्याने त्या रचनेच्या हक्कासाठी अर्ज केला. म्हातारा सुतार त्याच वर्षी वारला. १९६३ पासून या विटा अधिक टणक अशा एबीएस प्लास्टिकच्या होऊ लागल्या. आणि गंमत अशी की १९५८ सालची वीट आज काढलेल्या विटेवर अजून बसते. मापात केसाच्या जाडीएवढीही चूक नसते म्हणून हे जमते. आपल्या भट्टीवरच्या विटांचे माप किती वेगवेगळे निघते हे आठवले, म्हणजे या गोष्टीचे मोल कळेल.

या विटेची ताकद किती असेल, असा अंदाज मी आमच्या घरच्यांना करायला सांगितला. ती म्हणाली, "पायाखाली आली की पाय दुखतो, एवढे मला माहीत आहे." २०१२ साली इंग्लंडमधल्या ओपन युनिव्हर्सिटीत चार बटणांची छोटी वीट यंत्राखाली धरून दाबून पाहिली. सव्वाचारशे किलोच्या वर भार गेला तेव्हा कुठे ती दबून पसरू लागली. म्हणजे आपल्या चार क्विंटलांहून अधिक! हिशेब मांडला तर एकावर एक अशा पावणेचार लाख विटा रचाव्या, साडेतीन किलोमीटर उंच मनोरा करावा, तेव्हा तळाची वीट भाराने चेंगरेल. पण पोरांनी रचलेला मनोरा तर हातभर झाला की कलंडतो. तळाची वीट चेंगरली म्हणून तो पडत नाही. एका बाजूने धक्का लागतो, जोड उघडतो, आणि तो जातो.

येथेच खरी शिकवण आहे. भिंतीला वरून येणारा भार सहसा मारत नाही. मारतो तो आडवा धक्का. केळीचेही तसेच नाही का? घडाचे ओझे झाड महिनोन् महिने पेलते. पण मे-जूनमधले एक वावटळ आडवे आले की उभी बाग अर्ध्या तासात झोपते.

आता गोठ्याची हकिकत. बावीस फूट लांबीची ती भिंत एका ठेकेदाराने काम अंगावर घेऊन बांधली होती. चार इंची, म्हणजे एका विटेच्या रुंदीची. वर पत्रे. प्लास्टर गुळगुळीत, पाहणारा म्हणेल काम सुरेख आहे. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी वादळ आले. रावेर तालुक्यात बागांचे काय झाले ते आपण सर्वांनी भोगले. आमची बाग तर गेलीच, पण वारा गोठ्यात शिरला आणि ती लांब भिंत आख्खी बाहेर पडण्याऐवजी आत, गव्हाणीवर कोसळली. एक वासरू दगावले. एरवी त्या वेळी आमच्या घरची तेथेच शेण काढत असते. त्या दिवशी पाहुणे आले म्हणून ती चुलीपाशी होती. यापुढे मी काही लिहीत नाही. वाचकांनी समजून घ्यावे.

नानांनी पडलेली भिंत पाहिली, आणि मला तिचे टोक दाखवले. कोपऱ्यात ती ज्या आडव्या भिंतीला टेकली होती, तेथे चाकूने लोणी कापावे तसे सरळ उभे तोंड होते. एकही वीट त्या भिंतीत शिरलेली नव्हती. खालपासून वरपर्यंत सांध्यावर सांधा, मध्ये फक्त सिमेंटचा बोटभर माल. बावीस फुटांत मध्ये आधाराला एक खांबही नाही. नाना म्हणाले, "ही भिंत नव्हती भाऊ, हा पडदा होता. टांगलेला होता तोवर टांगलेला."

नातू जवळच उभा होता. त्याने ओसरीवर येऊन हीच भिंत आपल्या विटांनी करून पाहिली. दोन टोकांना दोन आडव्या भिंती, मध्ये लांब भिंत, पण कोपरे न जोडता. फुंकर मारून नाही, पण पुठ्ठ्याने वारा घातला तरी ती हलू लागली. मग त्याने कोपरे गुंफले. एका थरात लांब भिंतीची वीट कोपऱ्यात शिरवली, पुढच्या थरात आडव्या भिंतीची. बोटांत बोटे अडकवावी तसे. शिवाय मध्यावर एक छोटा खांब भिंतीत गुंतवून उभा केला, आणि सगळ्यांत वर लांब पट्ट्यांचा एक थर चारी भिंतींवरून फिरवला. आता त्याने पुठ्ठा कितीही हलवला तरी काही होईना. वरचा तो पट्टा पाहून नाना खूष झाले. "हा बघ कमरपट्टा. आमच्या कामात याला सिमेंट-लोखंडाची पट्टी म्हणतात. चारी भिंतींना एका मुठीत धरते."

खेळात आणि खऱ्या बांधकामात फरक आहे, तोही सांगितला पाहिजे. खेळातली वीट बटणांनी वरूनही धरली जाते. आपली वीट नुसत्या वजनाने आणि मालाने बसते. म्हणून विटा आधी भिजवणे, माल नीट भरणे आणि भिंतीवर पुरेसे दिवस पाणी मारणे हे आपल्याला चुकत नाही. मात्र माल कितीही चांगला असला तरी सांधमोडीची जागा तो घेत नाही. एकमेकांत अडकून बसण्याचा हा गुण हल्ली गावच्या चौकातही दिसतो. नागमोडी कडांचे पेव्हर ब्लॉक जे बसवतात, ते कडांनी एकमेकांत गुंततात, म्हणून चाकाखाली एकटा ब्लॉक बाहेर सरकत नाही.

आता जी गोष्ट सांगतो ती खेळाची नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला. गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. मेलेल्यांची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात गेली. धक्का रिश्टर मापावर सहाच्या वरचा होता, पण एवढी माणसे गेली ती घरांमुळे. तेथली घरे गरिबीची पातळ भिंतीची नव्हती. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड दगडी भिंती होत्या, वर मातीचे जड माळवद, आपल्या धाब्यासारखे. मग त्या पडल्या कशा? जाड दिसणारी ती भिंत आतून दोन भिंतींची होती. बाहेरून एक दगडाची रांग, आतून एक रांग, आणि मध्ये मातीत टाकलेली बारीक दगडांची भर. बाहेरच्या रांगेला आतल्या रांगेशी बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड पुष्कळ घरांत नव्हताच. जमीन हलली तशा दोन्ही रांगा पोट फुगून एकमेकींपासून सुटल्या, आणि झोपलेल्या माणसांवर दगड व माळवदाची माती आली.

पुढे जी जुनी घरे टिकली होती, त्यांपैकी कित्येकांच्या दुरुस्तीत भिंतीला आरपार छिद्रे पाडून, लोखंडी सळई घालून ती काँक्रीटने भरली. म्हणजे जो दगड पहिल्याने ठेवायचा राहिला होता तो मागाहून ओतला. नव्या घरांना सिमेंट-लोखंडाचे पट्टे घातले. नातवाच्या किल्ल्याच्या कमरपट्ट्याचेच हे मोठे रूप. आणि किल्लारी दूर आहे असे म्हणून आपण स्वस्थ बसू नये. १४ मार्च १९३८ रोजी आपल्या सातपुड्याच्या परिसरातही सहाच्या वरचा भूकंप होऊन गेला आहे. तापीच्या काठची जमीन कधी हललीच नाही असे नाही.

आपल्या जुन्या घरांतही जाणत्या कारागिरांनी हे ज्ञान वापरलेले दिसते. पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या भिंतीत मधून मधून आडवी लाकडे घातलेली आढळतात, ती उगीच नाहीत. जुन्या वाड्यात पुढच्या बांधकामासाठी भिंतीच्या टोकाला एक आड एक विटा बाहेर ठेवलेल्या दिसतात. त्यांना दाते सोडणे म्हणतात. पुढच्या पिढीने खोली वाढवली तर नवी भिंत या दातांत गुंतावी, अशी ती सोय. आज्याने नातवासाठी सोडलेली जागाच म्हणा ना.

नातवाने जाताना मला आणखी एक गोष्ट सांगितली. आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा घेतल्या, तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात, असा गणिती हिशेब आहे. सहा विटा वेड्यावाकड्या जोडायच्या वाटा एवढ्या. भक्कम जोडायच्या वाटा मात्र मोजक्याच, आणि गवंड्याला त्या माहीत असल्या पाहिजेत.

आमच्या गोठ्याची भिंत नानांच्या देखरेखीखाली नव्याने झाली. ज्यांच्या घरी यंदा बांधकाम निघणार आहे, त्यांच्यासाठी नानांनी सांगितलेले येथे देतो. पहिले, कोणताही उभा सांधा लागोपाठ दोन थरांत एका रेषेत येऊ देऊ नका. निदान पाव विटेचे अंतर हवेच. दुसरे, नऊ इंची भिंत असेल तर एका थरात विटा भिंतीच्या लांबीने आणि पुढच्या थरात आरपार घाला, म्हणजे आतबाहेरच्या दोन रांगा सुटणार नाहीत. दगडी भिंतीत आरपार दगड मागून घ्या. तिसरे, कोपरे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वर चढवा. एक भिंत आज आणि दुसरी महिन्याने करायची असेल तर दाते सोडायला सांगा. चौथे, चार इंची लांब भिंत एकटी उभी करू नका. आठ-नऊ फुटांवर तिच्यात गुंफलेला खांब घ्या. पाचवे, दारा-खिडक्यांच्या वरून सिमेंट-लोखंडाची पट्टी सगळ्या भिंतींवरून सलग फिरवा; ती फक्त दारापुरती तोडू नका.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना एक पैसा जास्त लागत नाही. विटा तेवढ्याच, माल तेवढाच, मजुरीही बहुधा तेवढीच. लागते ती नजर. रोज संध्याकाळी शेतातून येताना, प्लास्टर होण्याच्या आधी, पाच मिनिटे भिंतीपुढे उभे राहा आणि सांधे पाहा. बायकांनीही पाहावे, कारण घरात जास्त वेळ त्याच असतात. आणि गवंड्याला रागावून नव्हे, तर चहा देऊन विचारावे, "मिस्तरी, हा सांधा खालच्या सांध्यावर आला का हो?" चांगला गवंडी असेल तर त्याला आनंदच होईल की घरधन्याला काम कळते.

घरात पोरे असतील आणि प्लास्टिकच्या विटा घेणे जमत नसेल, तर रिकाम्या आगपेट्या गोळा करून द्या. एक भिंत सरळ ढिगांची, एक सांधमोडीची रचायला सांगा आणि दोन्हींना बोट लावून पाहू द्या. पुढे कधी त्यांच्या घराचे काम निघाले, की भिंतीपुढे उभे राहून काय पाहायचे हे त्यांना कुणी सांगायला लागणार नाही.